रोह्याच्या तळ्यावरची टाचणी

ठाण्याहून पेणची एसटी धरली, तेव्हा घरी सांगितलं होतं की किडे बघायला चालले आहे. खरं म्हणजे मी रेवतीला बघायला चालले होते.

चतुर आणि टाचण्या (चतुराच्या सडपातळ बहिणी) दिसल्या की आम्ही हौशी लोक फोटो काढून एका संकेतस्थळावर टाकतो. कुठे काय टिकून आहे, हे त्यावरून संशोधकांना कळतं. रायगडात सर्वाधिक नोंदी करणाऱ्यांच्या यादीत रेवतीचं नाव कायम माझ्या वर. तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ती मला सहन होत नव्हती.

पेणहून आधी जोह्याला गेले. मूर्तींच्या कारखान्यांमागे भात पिवळं पडू लागलं होतं. बांधावर उकिडवी बसले, तर पांढऱ्या गणपतींच्या रांगेतून एका बाईने हाक दिली, "काय हरवलं गो?"

"चतुर शोधतेय."

"तो काय, डोक्यावर बसलाय तुझ्या!"

मी हात वर नेला आणि तो उडाला. जोह्याची कमाई एवढीच.

दुपारी रोहा. पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात गेले, तर संकेतस्थळावरून ठरल्याप्रमाणे रेवती वाट बघत उभी. धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करणारी, तिशीतली, शिफ्ट संपवून तशीच आलेली. सोबत सासूबाई, हातात मोठी काळी छत्री.

"या ताई! तुमचे फोटो मी रोज बघते," रेवती म्हणाली.

गावाबाहेरच्या तळ्यावर रेवती फोटोसाठी वाकली, की सासूबाई मागून छत्री धरत. "उनाचं डोकं दुखतं हिचं," त्या मला म्हणाल्या. माझ्या घरी या छंदाला 'झुरळं पकडणं' म्हणतात. यादीतला वरचा क्रमांक एकदम फिका वाटू लागला.

दोघी झाडाखाली चहा घ्यायला बसल्या, मी मागेच रेंगाळले. पलीकडच्या गवतात एक टाचणी शेपूट वाकवून काडीत अंडी घालत होती. अशी टाचणी मी कधीच पाहिली नव्हती. अंडी घालतेय, म्हणजे ती इथेच वाढत असल्याचा हा पुरावा! हाक मारली तर रेवतीही फोटो काढणार, म्हणून गप्प राहिले. पण मधल्या गवताची पाती हलत होती आणि प्रत्येक फोटो धूसर येत होता. शेवटी नाइलाजाने हाक मारलीच.

आधी सासूबाई आल्या. लुगडं खोचून थेट चिखलात उतरल्या आणि पाती अलगद बाजूला धरली.

"काढ गो बाय! माझ्याकडं नको बघू, पाय रुततायत."

फोटो लख्ख आला. रेवतीने आपला फोन बाहेरसुद्धा काढला नाही. "तुम्हाला दिसली ना ताई, तुम्हीच टाका." चिडायचं तर कशावर, हेच मला कळेना.

ठाण्याला परतल्यावर फोटो टाकला. संशोधकांनी ओळख पक्की केली आणि त्या तळ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. टीव्हीवरून नजर न हलवता तो म्हणाला, "छान." तेवढ्यात रेवतीचा निरोप आला, "आई खूश आहेत. म्हणतात, पुढच्या खेपेला राहायलाच ये म्हणावं."

नोंद माझ्या नावावर लागली, हेवा मात्र वाढलाच. मी जाणार आहे राहायला. टाचण्या बघायच्या आहेतच. पण खरं सांगायचं तर, दोन दिवस रेवतीची सासू उसनी घ्यायची आहे.