नलूताईसाठी घेतलेला शंख

देवळीच्या बाजारात सुलोचनाबाईंनी एकतीस वर्षं बांगड्यांचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायच्या, अंगठ्याखालचं हाड जरासं दाबून बघायच्या आणि "सव्वादोन" म्हणत डबा काढायच्या. माप कधी चुकलं नाही. समुद्र मात्र त्यांनी साठाव्या वर्षी पाहिला, सून ज्योत्स्नाबरोबर गुहागरला गेल्या तेव्हा.

थोरली बहीण नलूताई मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेवरच होती. निघताना तिनं एकच मागणं केलं होतं. "मले एक शंख आणजो. मोठा, बिनातुटका. कानाले लावून ऐकीन तुह्या समुद्राले."

तीन दिवस सुलोचनाबाई वाळूवर नजर ठेवून चालल्या.

"आई, समुद्र समोर आहे. खाली काय पाहून राह्यल्या?" ज्योत्स्ना चिडवायची.

शेवटच्या संध्याकाळी तो मिळाला. मुठीएवढा, आतून गुलाबी, कुठे टवका नाही. वेचलेल्या सात-आठ लहान-मोठ्या शंखांबरोबर त्यांनी तोही रुमालात बांधून टेबलावर ठेवला.

सकाळी चहा पिताना रुमाल सरकला. थांबला. पुन्हा सरकला.

"आई, तुमचं सामान आपल्या पायानं निघालं देवळीले."

गाठ सोडली, तर तोंडाशी फुटलेल्या एका शंखातून बारीक पाय बाहेर आलेले. खोलीची मालकीण वाकून म्हणाली, "खेकडा तो. शंख त्याचा नव्हे हो, रिकामा दिसला की शिरतो."

गाडी यायला अर्धा तास होता. सुलोचनाबाई रुमाल घेऊन तशाच किनाऱ्यावर गेल्या. आणखी कोणी आत असेल तर तोही जाईल, म्हणून ओल्या वाळूवर सगळेच शंख मांडले. बाकीचे निपचित राहिले. हा खेकडा मात्र चालत नलूताईच्या शंखापाशी गेला. नांगी आत घातली, तोंडाच्या कडेवरून गोल फिरवली, शंख जरा उलटवला, परत नांगी घातली.

सुलोचनाबाई वाळूत खाली बसल्या. तो माप घेत होता.

"उचला ना आई. नलूमावशीले काय सांगाल?"

त्यांचा हात पुढे गेलाही. तेवढ्यात तो बाहेर आला. मागचं अंग उघडं, मऊ, वाकडं. नाळ पडली नाही अशा बाळासारखं. पापणी लवायच्या आत तो मोठ्या शंखात शिरला. हात तिथंच राहिला. एवढ्या बायांना त्यांनी बांगड्या भरल्या, पण माप बदलायला कोणाला असं एवढ्या मोठ्या समुद्रापुढं उघडं पडावं लागलं नव्हतं.

शंख पाण्याकडे चालत गेला. लाट आली आणि परतली, तेव्हा वाळूवर फक्त रेघ होती. गाडीचा हॉर्न दोनदा वाजला, तरी त्या उठल्या नाहीत. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा त्यांनी तो फुटका शंख पदरात घेतला.

देवळीला नलूताईनं त्याची कड चाचपली. "तुटका आणला व?"

सुलोचनाबाईंनी सगळं सांगितलं, नांगी कशी फिरली ते बोट फिरवून दाखवलं. नलूताईनं शंख कानाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"आणि तो नवा त्याले ढिला नाई होत?"

"जरासा. लहान पोरीले बांगड्या देतो ना आपण, वाढीव मापाच्या?"

"मंग बरोबर आहे," नलूताई म्हणाली आणि शंख दुसऱ्या कानाला लावला.