पप्पांच्या इअरमफमधले ड्रायव्हर

मस्कतच्या वर्कशॉपात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला, की अंबरनाथची खोली आठवते. तेव्हा मी शाळा सोडलेली, आणि नाद एकच, एका हेडफोनचे ड्रायव्हर, म्हणजे आतले छोटे स्पीकर, काढून दुसऱ्यात बसवायचे. पप्पांचे कान कारखान्यातल्या प्रेसच्या दणक्यांनी हळूहळू गेले होते. म्हणून उल्हासनगरहून आणलेल्या हेडफोनचे दणदणीत ड्रायव्हर मी त्यांच्या कंपनीच्या, आवाज अडवणाऱ्या जाड इअरमफमध्ये बसवले, त्यांच्या मोबाइलला जोडून त्यांच्या कानांवर चढवले आणि माझ्या मोबाइलवरून त्यांना फोन लावून बोललो, "पप्पा, येतंय ऐकू?"

पप्पा दचकले, दाराकडे बघायला लागले. "कोण आलंय रे?"

"मीच बोलतोय."

"चल हट! तुझा आवाज बारीक आहे."

माझा आवाज फुटून जड झाला, ते त्यांना कळलंच नव्हतं.

आजही घरी फोन लावताना धास्ती असते, की इअरमफमधलं माझं सोल्डर सुटलं तर मी त्यांच्यासाठी परत बारीक आवाजाचा होईन. पण तिकडून "बोल रे, बाप्या" येतं, आणि देवाचे आभार मानून मी बोलतो.