कुलपातली मडकी

उमरखेडच्या एसटी आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेल्या घनश्यामला म्हातारपणी मातीचं वेड लागलं. मडकी घडवायची आणि जरा सुकली की सागरगोट्यानं घासघासून चकाकवायची, हा त्याचा नाद. पण गेल्या भट्टीत दोन मडकी तडकली आणि त्याच्या डोक्यात शंकेचा किडा वळवळू लागला. आपला हात चुकेल? छे! कोणीतरी मुद्दाम ओल्या मडक्यांना धक्का लावत असणार. बायको भागीरथा अंगणातल्या चिखलावरून रोज कुरकुरायची. आणि शेजारची रुपाली काहून सारखी डोकावते?

या खेपेला त्यानं सगळी मडकी लोखंडी कपाटात घालून कुलूप ठोकलं आणि चावी करदोट्याला बांधली. एकच मडकं ओट्यावर उघडं ठेवलं, चोर पकडायला. त्यावर बारीक राख भुरभुरली, म्हणजे बोट लागलं की ठसा उमटेल. आठवडाभर तो खिडकीआडून टपून बसला. राखेवर माशीशिवाय कोणी बसलं नाही.

भट्टी रचताना कपाटातली मडकी वारा न लागल्यानं अजून दमट, हाताला गारढोण लागत होती, पण त्याचं सगळं ध्यान भागीरथेच्या चेहऱ्यावर होतं. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्या आणि आत फटाक्यांसारखे बार उडाले. निवल्यावर उकरून पाहतो तर कपाटातल्या साऱ्यांची खापरं. ओट्यावरून भट्टीत गेलेलं तेवढं धड, आरशासारखं चकाकणारं.

"खरं सांग, कोनं हात लावला?" तो खेकसला.

भागीरथेनं ते धड मडकं उचलून कडेवर घेतलं.

"मले काय इचारता? चावी त तुमच्याच कमरेले होती."