पांढऱ्या पट्ट्याची कड

अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर शहरातल्या एका प्रयोगशाळेत बर्नाडेट झालेव्स्कीचं काम एकच. पडद्यावरच्या रस्त्यावर खोटी गाडी चालवणाऱ्या चालकांचे व्हिडिओ बघायचे आणि गाडी लेनबाहेर किती वेळा गेली ते मोजायचं. बावीस वर्षं तिनं हे डोळ्यांत तेल घालून केलं. शास्त्रज्ञ आले, पदव्या मिरवून गेले. मोजायला आपली बर्नीच.

मार्चमध्ये ओहायोच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्याच छत्तीस चालकांचे तेच व्हिडिओ त्यांनीही तपासले होते. बर्नीचा आकडा एकशे बारा, त्यांचा एक्केचाळीस!

तिचा साहेब टेड चाचरत म्हणाला, "बर्नी, तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना... डोळे दाखवून घेतेस? तोवर मोजणी दुसऱ्या कुणाला देतो."

"सरळ म्हण ना, म्हातारीला दिसत नाही!"

तिच्या ते जिव्हारी लागलं. डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं लिहून दिलं, तरी टेडची शंका फिटेना. तीन आठवडे ती नुसती फायली लावत बसली. शेवटी तीच म्हणाली, "त्या ओहायोवाल्याला फोन लाव. एक व्हिडिओ दोघं मिळून बघू."

तिकडचा मोजणारा रसेल. दोघांनी आपापल्या पडद्यावर एकेक चित्र पुढं सरकवलं.

"थांब! गेली बाहेर," बर्नी म्हणाली.

"कुठं बाहेर? चाक अजून पांढऱ्या पट्ट्यावरच आहे."

"अरे बाबा, पट्ट्याला चाक लागलं की बाहेरच!"

"आमच्याकडे अख्खा पट्टा ओलांडला, की मग बाहेर."

टेडनं कपाळावर हात मारला. लेन सोडणं म्हणजे नेमकं काय, हे दोन्हीकडच्या एकाही विद्वानानं लिहून ठेवलं नव्हतं, आणि सगळे बसले होते साप साप म्हणून भुई धोपटत.

बर्नीनं रसेलच्या नियमानं सगळे व्हिडिओ पुन्हा मोजले. आकडा आला एक्केचाळीस.

"यापुढं पहिल्याच पानावर व्याख्या लिहायची," टेड म्हणाला. "आणि मोजणी तुझ्याकडेच. चुकलो मी."

"चुकलास खरा. उद्या पोलिश बेकरीतून डझनभर गोड पोंचकी घेऊन ये. मोजून घेईन!"

तिच्या जिवात जीव आला. कुणाला न सांगता ती तीन आठवडे हायवे टाळून आडरस्त्यानं घरी जात होती. स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचाच भरवसा उडाला होता. त्या संध्याकाळी तिनं सरळ हायवे धरला आणि ट्रकांच्या रांगेशेजारून गाणं गुणगुणत घरी गेली.