लाओसची घडी

अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतली माझी शेजारीण मृणालिनी दर सुट्टीत एकटी फिरते. यंदा ती लाओसला गेली. परत आल्यापासून लिफ्टमध्येसुद्धा तेच: पहाटे भिक्षूंना भात वाढला, बुद्धाच्या देवळात तासभर बसले, विणकरणीकडे मागावर विणायला शिकले. मी मात्र सुट्टी लागली की मुलांना घेऊन साताऱ्याला, सासरी. जळफळाट होणार नाही तर काय!

तिने मला घडी घातलेलं रेशमी कापड दिलं. म्हणाली, "उलगडून बघ, मग सांगते." मी कशाला उलगडतेय! ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यात टाकलं आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला खालच्या मजल्यावरच्या ईश्वरीच्या ओटीत घातलं. खलास!

काल आमच्या बिल्डिंगमधल्या भिशीला ईश्वरी त्याचाच ब्लाउज शिवून घालून आली. पाठीवर इवले इवले हत्ती. सगळ्या बायका तिच्याभोवती. मृणालिनी बघतच राहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "चार दिवस मागावर बसून तेवढंच विणलं होतं मी. तुझ्यासाठी."

खरं सांगते, लाज नंतर वाटली. आधी ईश्वरीचा हेवा वाटला.