मढ्याच्या गळ्यातला मणी

ती घटना आठवली की अजूनही माझं डोकं तापतं. शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा तेव्हा मी प्रभारी अधिकारी होतो. जवळच्या एमआयडीसीतल्या एका जपानी कंपनीत दोन मुली दुभाषी होत्या. एक कवठे येमाईची, दुसरी दौंडची. नावं सांगणार नाही.

कवठ्याची रडतच ठाण्यात आली. कंपनीने तिला जपानला पाठवायचं ठरवलं होतं. कंपनीतल्या म्हाताऱ्या जपानी साहेबांनी आपल्या घराण्यातला एक जुना मणी, गावच्या शाळेत दाखव म्हणून, तिच्या हवाली केला होता. तो ऑफिसच्या ड्रॉवरमधून गेला.

"सर, मणी घावला न्हाई तर कसलं जपान? जन्मभर चोरटी म्हणतील मला."

गुन्हा दाखल केला. हिरवा दगडी मणी, काजूच्या आकाराचा, एक नग. हाऊसकीपिंगवाल्यांचे जबाब झाले, निष्पत्ती शून्य. मग ठाण्यात फोन आला. बाईचा दबका आवाज.

"त्या कवठ्याच्या पोरीनंच इकलाय मढ्याच्या गळ्यातला मणी. रडायची नाटकं नुसती!"

नंबर बाजारातल्या रसवंतीवाल्याचा निघाला. तोंडाला स्कार्फ बांधलेल्या एका मुलीने 'अर्जंट हाय दादा' म्हणून त्याचा मोबाईल मागून घेतला होता. पण खबर देणारं माणूस बहुधा एखादा शब्द जास्तच बोलतं.

"मढ्याच्या गळ्यातला म्हणजे काय गं?" मी फिर्यादीला विचारलं.

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "जपानात लई जुन्या काळी सरदार मेला की वर डोंगरावाणी मातीचा ढिगारा रचायचे. आत आरसा, तलवार, असले मणी ठेवायचे. हा तसल्याच थडग्यातला. पण सर, हे मी आईलाबी बोलले न्हाई. तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता."

"मग ठाऊक कुणाला?"

"साहेब जपानीत सांगत व्हते. तवा शेजारी दौंडचीच व्हती."

दौंडच्या मुलीला बोलावलं. महिला अंमलदार शेजारी बसवली. पोरगी पक्की, काही कबूल करेना. दमदाटीचा उपयोग नव्हता. मी उलट कवठ्याच्या मुलीचंच कौतुक लावलं. काय हुशार, काय जपानी बोलते! हेवा करणाऱ्याला सगळं सोसतं, दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही.

"हुशार?" ती उसळली. "अहो, पहिलं अक्षर मी गिरवून घेतलं तिच्याकडनं! माझ्या खोलीवर बसून शिकली. आन् इमानात ती बसणार? माझ्यात काय कमी व्हतं?"

बोलता बोलता तिचा हात गळ्याशी गेला. अंमलदारबाईंनी कॉलर बाजूला केली. काळ्या दोऱ्यात मणी होता. विकला नव्हता, लपवला नव्हता. बयेने तो चक्क घातला होता.

पंचनामा झाला. मणी साहेबांना परत मिळाला. पुढे कोर्टात तडजोड झाली, पण दौंडच्या मुलीची नोकरी गेली ती गेलीच.

या केसने मला एक शिकवलं. मत्सराच्या गुन्ह्यात आरोपी सापडला म्हणून तपास संपला असं समजू नये. कारण मणी सापडला त्याच दिवशी तो ओळखायला ठाण्यात आलेली कवठ्याची मुलगी खुर्चीवरून उठेचना.

"सर, साहेबांनी इचारलं व्हतं, जपानी कुणी शिकवलं? हिचं नाव घेतलं तर हिलाच धाडतील, म्हणून मी म्हणले, माझी मीच शिकले."

दौंडची समोरच उभी होती. तिने सगळं ऐकलं.