निरागस काकांचं संशयित तोंड

आमच्या काकांचं तोंड घाईघाईत घडवलेलं असावं. भुवया जुळलेल्या, नजर चोरटी आणि साधी वेळ विचारली तरी कान लाल. ते दुकानात शिरले की दुकानदार गल्ल्यावर हात ठेवायचा. शाळेत फळ्यावर गाढव कुणीही काढो, छडी काकांनाच. शेवटी शेवटी तर कुणाचं काही हरवलं की काका आधी स्वतःचेच खिसे चाचपायचे.

असा हा माणूस शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांचे अर्थ लिहायचा. तिथले संपादक गुबगुबीत गालांचे, पाळण्यातून थेट खुर्चीत बसलेले वाटावेत असे. 'निरागस' या शब्दावरून दोघांची जुंपली.

"लिहा, बाळासारख्या चेहऱ्याचा," संपादक म्हणाले.

"साहेब, चेहऱ्याचा काय संबंध? मूळ संस्कृतात आगस् म्हणजे अपराध. तो ज्याच्या हातून घडला नाही, तो निरागस. मग थोबाड कसंही असो!"

काका स्वतःचीच वकिली करताहेत, हे भिंतीलाही कळलं असतं.

नेमकं त्याच दुपारी संपादकांचं चपटं भिंग गायब झालं. त्यांच्या वडिलांची आठवण ती. सगळ्या माना काकांकडे वळल्या. काकांचे कान लाल. झालं!

"उद्या सकाळपर्यंत भिंग मिळालं नाही, तर दुसरी नोकरी बघा."

घरी काकूने पिशवी झटकली, गादी उलटी केली, उशीही उसवली.

"अगं, मी घेतलेलं नाही!"

"घेतलं नाहीच हो. पण चुकून आलं असेल तर?"

सकाळी काका कचेरीत उभे राहिले, ते थेट फासावर चढायच्या तयारीने. "नोकरी घ्या साहेब, पण अर्थ तेवढा बरोबर छापा."

टंकलेखिका बाईंना राहवेना. "एकदा बघू तरी कोण बरोबर ते," म्हणत त्यांनी जुना संस्कृत कोश टेबलावर आपटला. कोश आपोआप 'आगस्'वरच उघडला. मधोमध भिंग!

आता संपादकांचे गाल लाल झाले. "काल जेवणाच्या सुट्टीत मी जरा... तुम्ही चुकलात का ते पाहत होतो."

"मग? चुकलो होतो?"

"तेच तर! बरोबर निघालात, म्हणून रागाने कोश मिटला. माफ करा हो. अर्थ तुम्हीच लिहा."

काका मटकन खुर्चीत बसले आणि पोट धरून हसत सुटले. घरी येऊन सांगितलं, तेव्हा काकू शांतपणे म्हणाली, "मला माहीतच होतं."

"मग उशी का उसवलीस?"

"कापूस पिंजायचाच होता," काकू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचे कान लाल झालेले पाहून काका इतके खूश झाले, की ती उशी त्यांनी स्वतःच शिवून दिली.